कृत्रिम आईची ऊब

मे महिन्याच्या रणरणत्या उन्हाळ्यातही कोंबडीच्या एक दिवसाच्या पिलाला गारठा बाधतो. त्याच्या अंगावर असते ती नुसती लव, पिसे नव्हेत. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. दुपार सरून वारा सुटला की उघड्यावरची पिले एकमेकांवर चढून गोळा होतात, आणि तळातली गुदमरून मरतात.

खुडूक कोंबडीशिवाय पिले काढण्याची कला इजिप्तने फार आधी साधली. उकिरड्यात पुरलेल्या अंड्यांतून तिथे पिले निघतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. पुढे मातीच्या विटांच्या दुमजली भट्ट्या आल्या. खाली अंडी, वर शेणकूट आणि भुश्श्याचा मंद विस्तव. तापमापक नव्हताच, कारागीर अंडे पापणीला टेकवून उष्णता जोखी. हा हुन्नर घराण्यात बापाकडून मुलाकडे जाई.

फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर याने १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथच छापला. पिले निघाल्यानंतरचे प्रश्न अधिक अवघड, हे त्याने नेमके हेरले. त्याने उतरत्या छपराची पेटी केली आणि तिला आतून मेंढीचे लोकरी कातडे लावले. पिले आत शिरत आणि जिथे छप्पर पाठीला टेकेल तिथे विसावत. तिला तो ‘कृत्रिम आई’ म्हणे.

आपल्याकडे हे काम कोंबडीच करी. रात्री तिला पिलांसह डालग्याखाली झाकत. आज कुक्कुटपालक बल्ब लावतात. उन्हाळ्यातही रात्री तो विझवू नये.