पहिलीच्या वर्गाला बी.एड. का पुरत नाही

वसई-विरार पट्ट्यात बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्या मुलीने प्राथमिक शिक्षिका व्हायचं ठरवलं की घरीदारी तिला एकच सल्ला मिळतो: बी.एड. कर. डी.एड. बारावीवर होतं, पदवी हातात असताना तिकडे वळणं म्हणजे तीन वर्षं पाण्यात. बी.एड.ने माध्यमिकची वाटही खुली राहते. आणि जी दहावीला बीजगणित शिकवेल, तिला पहिलीत एक ते शंभर शिकवणं काय जड? म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीच्या वर्गांतून बाहेर ठेवलं, तेव्हा ‘जास्त शिकलेल्यांवर अन्याय’ हीच प्रतिक्रिया सर्वत्र उमटली.

हा पूर्वपक्ष प्रामाणिक आहे, व्यवहारी आहे, आणि चुकीचा आहे.

आधी कायद्याचं पाहू, कारण ‘हक्क हिरावला’ ही तक्रार तिथेच टिकत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २३ नुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी किमान पात्रता ठरवली. पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका, म्हणजे आपलं डी.एड., ज्याला आता डी.एल.एड. म्हणतात. बी.एड. झालेल्या पदवीधरांना त्या अधिसूचनेत जागा होती, पण १ जानेवारी २०१२ पर्यंतच, आणि नेमणुकीनंतर सहा महिन्यांचं विशेष प्रशिक्षण घेण्याच्या अटीवर. म्हणजे ती सवलत होती, मुदतीची. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने ती पुन्हा, या वेळी बिनमुदत, दिली. अट तशीच: दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ साली ही अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी देवेश शर्मा खटल्यात न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. सुधांशु धुलिया यांच्या खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. ब्रिज कोर्सची अट लिहिणाऱ्यांनीच कबूल केलं होतं की बी.एड.वाल्याकडे या वर्गांसाठी लागणारं काहीतरी नाही. न्यायालयाचा प्रश्न एवढाच होता, की ते नसलेला माणूस आधी वर्गात आणि मग प्रशिक्षणाला, हा उलटा क्रम मुलांच्या मूलभूत हक्काशी कसा जुळतो?

आता ‘पदवीनंतर डी.एड. म्हणजे खाली उतरणं’. २९ जुलै २०११ च्या दुरुस्तीत पहिली ते पाचवीच्या पात्रतांमध्ये एक ओळ स्वतंत्रपणे आली: पदवी आणि प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका. पदवीधराने डी.एल.एड. करणं ही आडवाट नव्हे, नियमातच आखलेली वाट आहे. ती फारशी कुणी सांगत नाही, हा भाग वेगळा.

टीईटीचा आधार घेणाऱ्यांचा एक पोटपक्ष आहे: ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर बी.एड. की डी.एड. हा वाद कशाला? टीईटीचा पहिला पेपर पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा; दीडशे गुणांच्या पहिल्या पेपरात तीस गुण बालमानसशास्त्राला. पण ही परीक्षा प्रशिक्षणाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर निवृत्तीला पाचपेक्षा जास्त वर्षं उरलेल्या, सेवेतल्या शिक्षकांनाही ती बंधनकारक केली. (अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न त्याच निकालात मोठ्या खंडपीठाकडे गेला, वसईतल्या चर्चच्या शाळांचे डोळे तिकडे लागले असतील.)

पण खरा वाद न्यायालयात नाही, वर्गात आहे. दुसरीच्या मुलाला ‘सत्तेचाळीस’ लिहायला सांगा. बरीच मुलं ७४ लिहितात. बी.एड.च्या चष्म्यातून ही धांदरट चूक. लाल पेन, ‘दहा वेळा लिहून आण’. पण मुलाने जे ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं: आधी सात, मग चार. चूक त्याच्या लक्ष देण्यात नाही, मराठी संख्यानामाच्या रचनेत आहे, आणि तिच्यावरचा उपाय गिरवणं नसून दशकांच्या काड्यांचे जुडगे आणि सुट्या काड्या हा आहे. बी.एड.मध्ये दोन शालेय विषयांची अध्यापनपद्धती शिकवतात, पाठ साधारण सहावीच्या वरच्या वर्गांवर होतात. तिथे समोरचं मूल वाचता येणारं आणि स्थानिक किंमत कळलेलं गृहीत असतं. डी.एल.एड.चा सगळा अभ्यास त्या गृहीतकाच्या अलीकडचा: अक्षर-आवाजाची सांगड, पेन्सिल धरणं, हातच्याचा अर्थ, परिसर अभ्यास. अलीकडचं पलीकडच्यात आपोआप मावत नाही. हृदयशल्यचिकित्सकाकडे कुणी बाळाचं लसीकरण वेळापत्रक घेऊन जात नाही.

मोठी पदवी असूनही हे कळत नाही, याचा जाहीर पुरावा २०१९ च्या जूनमध्ये मिळाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात नेहमीच्या संख्यानामांबरोबर ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी वाचनपद्धती आली. विषय समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. मराठी संख्यानामांतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना अडवतात, एवढं साधं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्र हसला, विधानसभेतही विनोद झाले. सुधारणा योग्य होती की नाही यावर वाद जरूर व्हावा, पण हसणाऱ्यांपैकी किती जणांनी सात वर्षांच्या मुलाला सत्तेचाळीस लिहिताना पाहिलं होतं? अशा वेळी पदवीधर समाज ‘आम्ही शिकलोच ना’ यापलीकडे जात नाही. नारळीकरांनी मात्र उच्च गणितातल्या डॉक्टरेटनंतरही दुसरीच्या मुलाची अडचण स्वतंत्र प्रश्न म्हणून अभ्यासली.

आपल्याच जिल्ह्यात याहून जुना दाखला आहे. ताराबाई मोडक १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात ही पदवी केवढी मोठी! तरी बालशिक्षण शिकायला त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, आणि १९४५ साली बोर्डीला, पुढे १९५७ पासून कोसबाडला काम उभं राहिलं. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ उलट्या दिशेने आल्या: आधी प्राथमिक शिक्षिका, मग नोकरी करत मॅट्रिक, पदवी तर कितीतरी पुढे. एकीला पदवीनंतर बालशिक्षण शिकावं लागलं, दुसरीला बालशिक्षण येत असताना पदवी हवीशी वाटली. दोन्ही गोष्टी लागतात, आणि एक दुसरीत समाविष्ट नाही, हे त्या दोघींच्या आयुष्यांत दिसतं. वारली मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावर आणि कुरणात गेली, हे कुठल्या विषयाच्या अध्यापनपद्धतीत बसतं?

वसई-विरारला तर हे ज्ञान दुप्पट लागतं. पश्चिमेच्या गावांत घरी कादोडी किंवा वाडवळी, किनाऱ्यावर कोळी बोली, पूर्वेच्या पाड्यांवर वारली, नालासोपाऱ्याच्या चाळींत भोजपुरी, गुजराती. पहिलीच्या मराठी शाळेतही मराठी हे अनेकांचं घरचं बोलणं नसतं. मुलाला उत्तर येत नाही की प्रश्नच कळला नाही, हे ओळखणं इथे शिक्षिकेचं रोजचं काम आहे.

मी बारावीची भलामण करत नाही. प्राथमिक शिक्षक पदवीधर असावा, हे पूर्वपक्षातलं मला मान्य आहे. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकापासून वर्गशिक्षकाला पदव्युत्तर शिक्षण लागतं, पण ते प्राथमिक वर्गाच्या अध्यापनाचंच. दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली सुरू केलेला बी.एल.एड. हाही चार वर्षांचा, पदवी आणि बालशिक्षण एकत्र विणणारा. आपल्याकडे ती वीण झाली नाही. डी.एड. बारावीशी आणि बी.एड. पदवीशी बांधलं गेलं, आणि मूल जितकं लहान तितकी गुरूची किंमत कमी, हे समीकरण पक्कं झालं.

म्हणून बी.एड.चा सल्ला देणाऱ्या काकांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी डी.एड. कॉलेजांचं पीक आलेलं पाहिलं, मग भरती वर्षानुवर्षं गोठलेली पाहिली. आजही टीईटी, अभियोग्यता चाचणी, भरतीचं पवित्र पोर्टल पार करून नेमणूक मिळाली, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ पासून प्राथमिकला मानधन सोळा हजार, माध्यमिकला अठरा. पुढे नियमित झाल्यावर सातव्या वेतन आयोगात प्राथमिकची वेतनश्रेणी २९,२०० पासून, माध्यमिकच्या बी.एड. शिक्षकाची ३८,६०० पासून. विरारला खोली भाड्याने घेऊन राहणारी मुलगी हे आकडे वाचते आणि बी.एड. निवडते. तिचा हिशेब बरोबर आहे. चूक एवढीच, की त्या हिशेबाला आपण शिक्षणशास्त्र समजलो. आणि विनाअनुदानित शाळांनी तोच हिशेब उलटा वापरला: ‘बी.एड. चालेल’ म्हणून घेतलेली शिक्षिका पहिलीच्या चाळीस मुलांसमोर उभी करायची आणि पगार मात्र प्राथमिकचा द्यायचा. कलम २३ ची पात्रता त्यांनाही लागू आहे. पालक मात्र प्रवेशाच्या वेळी संगणककक्ष पाहतात, बसची फी विचारतात. पहिलीच्या बाईंचं प्रशिक्षण कोणतं, हे क्वचितच विचारतात.