जुन्या मोटारींचीं मधलीं वर्षें

लंडनमधील एका हॉटेलांत १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं सकाळीं एक तांबडें निशाण समारंभपूर्वक फाडण्यांत आलें. १८६५ च्या कायद्यानें इंग्लंडांत यंत्रानें चालणाऱ्या गाडीपुढें साठ यार्डांवर एक मनुष्य असें निशाण घेऊन चालत असावा, आणि गाडीचा वेग वस्तींत ताशीं दोन व वस्तीबाहेर ताशीं चार मैलांहून अधिक नसावा, असा निर्बंध घातला होता. निशाणाची सक्ति १८७८ सालींच सैल झाली होती. पण वेगाची ती बेडी तुटली या दिवशीं. त्या आनंदांत मोटारवाल्यांनीं लंडनहून ब्रायटनपर्यंत आपल्या गाड्या हांकल्या. १९२७ सालीं त्या प्रवासाच्या स्मरणार्थ जुन्या मोटारींची तशीच दौड निघाली, आणि तेव्हांपासून युद्धकाळ, पेट्रोलटंचाईचें १९४७ साल व साथीचें २०२० साल वगळल्यास, १९०५ पूर्वीं बांधलेल्या मोटारी दर वर्षीं नोव्हेंबरांत त्या वाटेनें जात आल्या आहेत. जुन्या मोटारींच्या छंदाचा हा सर्वांत प्रसिद्ध उत्सव मुळांत एका जाचक कायद्याच्या उच्चाटनाचा उत्सव होय.

या छंदाचा इतिहास पाहूं जातां राजकारण त्यांत प्रारंभापासूनच बसलेलें दिसतें. कुशल कारागीर शोधतां येतो, दुर्मिळ सुटा भाग घडवून घेतां येतो. पण मोटारीला रस्त्यावर उतरण्याचा हक्क मात्र सरकारच देऊं शकतें. त्याहून महत्त्वाचें असें कीं, केवळ जुनी झालेली गाडी कोणत्या वयाला जपणुकीस पात्र वस्तु ठरते, हें ठरविणारी रेषाहि कायदाच ओढतो. मोटार जन्मतः पुराणवस्तु नसते. ती प्रथम नवी असते, मग जुनी होते, मग कोणालाच नकोशी होते. आणि त्या नकोशा वर्षांतून निभावली तरच पुढें तिचें कौतुक होतें. तिच्या आयुष्यांतील खरा धोका या मधल्या वर्षांत असतो.

ही रेषा दोन प्रकारची असूं शकते: एक वर्षागणिक पुढें सरकणारी, दुसरी एका सालावर खिळून राहिलेली. ब्रिटननें दोन्हीहि अनुभवल्या. १९९० नंतरच्या दशकांत तेथें पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारींना रस्तापट्टी माफ झाली. पण सरकार पालटतांच १९९८ च्या अंदाजपत्रकानें ती सवलत १९७३ पूर्वींच्या गाड्यांपुरती गोठविली. पुढें २०१४ सालीं पुन्हां सरकती रेषा आली, पण ती चाळीस वर्षांची. लंडनमध्यें धूर रोखण्यासाठीं एप्रिल २०१९ मध्यें जो कडक पट्टा आंखला गेला व ऑगस्ट २०२३ मध्यें साऱ्या शहरभर पसरविला गेला, त्यांतहि चाळीस वर्षांवरील मोटारींना सूट मिळाली. मात्र जुन्या बनावटीच्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंडांचा भुर्दंड पडला. जुलै २०२३ मधील अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकींत हाच प्रश्न गाजला आणि निकाल अवघ्या ४९५ मतांनीं लागला.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियानें दुसरा धडा दिला. लॉस एंजेलिसवरील दाट धुरक्यानें हैराण झालेल्या त्या प्रदेशांत १९९० सालीं युनोकॅल या तेलकंपनीनें १९७१ पूर्वींच्या आठ हजारांहून अधिक मोटारी प्रत्येकीं ७०० डॉलरांस विकत घेऊन मोडींत काढल्या. पुढें तीस वर्षांवरील गाड्यांना धूरतपासणींतून सूट देणारी सरकती रेषा आली. पण २००४ च्या कायद्यानें ती थांबविली, आणि १९७६ व त्यानंतरच्या मोटारींना तपासणी कायमची लागू झाली. नामांकित मोटारसंग्राहक जे लेनो यांच्या नांवानें ओळखल्या गेलेल्या विधेयकानें २०२५ सालीं पस्तीस वर्षांवरील संग्राह्य गाड्यांना सूट मागितली. तें विधिमंडळाच्या समितींतच अडलें.

या निर्बंधांना केवळ जुलूम म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. धुरांतील विषारी वायु निवळणारें उपकरण जुन्या मोटारींत नसे. त्यामुळें मैलामागें त्यांचा धूर नव्या गाडीच्या कितीतरी पट असतो. पेट्रोलांतील शिशानें लहान मुलांच्या मेंदूला होणारी इजा सिद्ध झाल्यावर तें काढून टाकणें भागच होतें. तथापि हौसेची गाडी वर्षाकांठीं थोडेच मैल धांवते, हेंहि तितकेंच खरें. धूर वयावरून मोजावा कीं प्रत्यक्ष चालीवरून, हा या वादाचा गाभा आहे. वय मोजणें सोपें, म्हणून सरकारें बहुधा वयच मोजतात.

भारतांत ही गोष्ट अधिक तीव्रतेनें दिसते. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या व खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठीं स्वतंत्र नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक, वीस हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची नोंदणी मिळाली. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती वा इंधन यांसाठीं रस्त्यावर येण्याची मुभा राहिली, नित्याच्या वापराची नाहीं. संग्राहकांच्या दृष्टीनें हा मोठाच आधार होता. पण दिल्ली व भोवतालच्या राजधानी प्रदेशांत डिझेलच्या गाडीला दहा व पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा हरित न्यायाधिकरणानें घातली आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ती उचलून धरली. इतरत्र पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेंवरून पांच हजारांवर गेलें, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरील गाडीला तें दहा हजार झालें. पंधराव्या वर्षीं दार बंद होतें आणि पन्नासाव्या वर्षीं दुसरें दार उघडतें; मधल्या पस्तीस वर्षांत गाडीनें कोठें राहावें, याचें उत्तर नियमांत नाहीं.

मुंबईकरांना याचा प्रत्यय आपल्याच रस्त्यांवर आला. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शहराची ओळखच होऊन बसली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. त्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून नाहींशी झाली. खाजगी वापराची अट असल्यामुळें २०२१ च्या नियमांचा आसरा या टॅक्सींना नव्हता. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस राजवाड्यांच्या पागेंत सुखरूप राहिल्या. लक्षावधि सामान्य माणसांना वाहून नेणारी गाडी मात्र जपण्यास कोणी धनी नव्हता.

या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य हेंच कीं, कायदा जुन्या मोटारीला वांचवितो तो बहुधा ती आधींच वांचली असल्यावर. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्यें लोकांच्या हातीं आली. भारतांतील मध्यमवर्गीय कुटुंबांची ती पहिली मोटार. तिला पन्नास वर्षें पुरीं होतील तीं डिसेंबर २०३३ मध्यें. तोंवर धूर तपासून, मैलांची मर्यादा घालून, पण गाडी शाबूत ठेवूं देणारा कांहीं मार्ग या मधल्या वर्षांसाठीं निघाला, तर पुढच्या पिढीला राजेरजवाड्यांच्या मोटारींबरोबर आपल्या आजोबांची मोटारहि चालतांना पाहावयास मिळेल.