साहेबाची मर्यादा

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा रस्ता कोपर्निकस मार्ग या नावाने ओळखला जातो. मराठी माणसाला तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे ठाऊक असतो; सरकारी नोकराला मात्र तो केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुख्य पीठामुळे आठवतो. १९८५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणापुढे बढती, निलंबन, बडतर्फी यांची गाऱ्हाणी येतात. परंतु एक गाऱ्हाणे फार काळ कोणत्याच फाइलीत शिरू शकले नव्हते. वरिष्ठाने अधिकाराच्या आडोशाने हाताखालच्या स्त्रीशी सलगी करावी आणि तिने नोकरीच्या भीतीने ती निमूट सोसावी, याला कचेरीच्या भाषेत नावच नव्हते. ‘साहेबांचा स्वभावच मोकळा’ एवढ्यावर त्याची वासलात लागत असे.

या दिल्लीतच १२ ऑगस्ट १९८८ रोजी तयार कपड्यांच्या निर्यातीस उत्तेजन देणाऱ्या परिषदेतील एका तरुण लिपिक-टंकलेखिकेला अध्यक्षांच्या खाजगी सचिवाने मजकूर उतरवून घेण्यासाठी एका हॉटेलात नेले. ते काम आपण शिकलेलो नाही, असे तिने सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. तेथे तो पुनःपुन्हा तिला खेटू लागला. तिने तक्रार केली, चौकशी झाली आणि त्याला नोकरीवरून दूर करण्यात आले. उच्च न्यायालयाने मात्र, प्रयत्न झाला तरी प्रत्यक्ष विनयभंग घडला नाही, असे म्हणून त्याला दिलासा दिला. २० जानेवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अंगाला स्पर्श झाला की नाही एवढ्यावर अपराध मोजावयाचा नसतो. स्त्रीची प्रतिष्ठा दुखावणारे वर्तनही शिक्षेस पात्र आहे, हे त्या दिवशी ठरले.

त्याआधी १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा खटल्याचा निकाल लागला होता. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका ग्रामसेविकेवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या या खटल्यात न्यायालयाने प्रत्येक कचेरीत तक्रार समिती असावी, तिच्या प्रमुखपदी स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि बाहेरच्या संस्थेची व्यक्तीही असावी, असे बंधन घातले. बाहेरची व्यक्ती अशासाठी, की कचेरीतल्या सर्वांचीच मान साहेबाच्या हाती असते.

पण समितीने दोष दिला तरी खाते पुन्हा चौकशी आरंभी आणि स्त्रीला तीच विटंबना पुन्हा सांगावी लागे. येथे पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका उभी राहिली, आणि २६ एप्रिल २००४ च्या आदेशाने समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानला जाऊ लागला. पुढे २०१३ मध्ये संसदेने कायदा केला. आता तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, सबळ कारण असल्यास मुदत आणखी तीन महिने वाढते, आणि खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते.

एवढे सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. नोकरीच्या पहिल्या वर्षी, आमच्या कचेरीत एका टंकलेखिकेला साहेब सायंकाळी सहानंतर विनाकारण थांबवून ठेवीत. ती एकदा माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, “तुम्हीही थोडा वेळ बसाल का?” मी घरच्या कामाची सबब सांगून निघालो. महिनाभराने तिने राजीनामा दिला. केंद्रीय सेवकांच्या वर्तणूक नियमांत या छळास मनाई करणारे कलम १९९८ मध्येच आले होते. ते पुस्तक माझ्या मागच्या कपाटात होते.

समिती, मुदत, अहवाल ही साधने आज हाताशी आहेत, आणि ती आपले काम करतीलही. पण एखादी सहकारी सायंकाळी “थोडा वेळ बसाल का” असे विचारते, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही समितीने द्यावयाचे नसते. ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाने द्यावयाचे असते.