निपाणीची तंबाखू, संकेश्वरी मिरची आणि पेशींच्या वेशी

पावसाच्या आधी पुरुमेंताची खरेदी करताना मिरच्यांचा ढीग चिवडत 'संकेश्वरी आहे का?' असे विचारणारी मंडळी आपल्या गोव्यात अजून आहेत. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यातले, हमरस्त्यावरचे गाव. तिथून कोल्हापूरच्या दिशेने पुढे गेले की निपाणी, तंबाखूची नामांकित पेठ. एक गाव जिभेला आग लावणारे, दुसरे डोक्याला तरतरी आणणारे. गंमत म्हणजे यांतले एकही पीक मूळचे इथले नव्हे. दोन्ही अमेरिका खंडातली, आणि दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली.

त्या काळी घाटमाथ्यावर विजापूरची आदिलशाही होती. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापुरात होता. तिथे त्याने तंबाखू प्रथम पाहिली आणि रत्नजडित हुक्क्यासह ती बादशहाला नजर केली. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, पण दरबाऱ्यांना गोडी लागायची ती लागलीच. तिकडे युरोपात लिस्बनमधला फ्रेंच वकील ज्याँ निको याने १५६० मध्ये हीच वनस्पती फ्रान्सला धाडली होती. निकोटीन हे नाव त्याच्यावरून पडले. वकिलांनी या पिकाची दलाली चांगलीच केली म्हणायची!

पण शरीरात शिरल्यावर ही तंबाखू करते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विज्ञानाला एक वेगळीच गोष्ट सापडली. केंब्रिजच्या जॉन लँगलीने १९०५ मध्ये दाखवले, की मज्जातंतू निकामी केला तरी निकोटीन लावल्यावर स्नायू आकुंचन पावतो. म्हणजे स्नायूच्या पेशीवरच निकोटीन ओळखणारे काहीतरी असले पाहिजे. ते 'काहीतरी' हाती यायला १९७० साल उजाडले. विजेचा धक्का देणाऱ्या माशाच्या अंगातून ते वेगळे काढले, आणि ते ओळखायला उपयोगी पडले आपल्या मण्यारीच्या जातकुळीतल्या एका तैवानी सापाचे विष.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण त्यातून सहजी आरपार जात नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांच्या वेशी असतात. एरवी बंद, आणि ठरलेली खूण पटली की हजारांश सेकंदात उघडणाऱ्या. निकोटीनची वेस पाच प्रथिनांनी मिळून बनते, मधे भोक. खरे म्हणजे ती शरीराच्या स्वतःच्या निरोप्यासाठी, ॲसिटिलकोलिनसाठी आहे. निकोटीन त्याचे सोंग घेऊन येते. मेंदूतल्या या वेशी स्नायूंतल्यांपेक्षा निकोटीनला कितीतरी लवकर फसतात, म्हणून विडी ओढणाऱ्याचे हातपाय आखडत नाहीत, डोके मात्र हलके होते. रोजच सोंग येऊ लागले की वेशी बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. मग त्या रिकाम्या राहिल्या की तलफ येते.

मिरचीची वेस दुसरी. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ती शोधली, नाव टीआरपीव्ही-१. ही वेस मुळात ४३ अंश सेल्सियसच्या आसपासच्या उष्णतेला उघडते. मिरचीतले कॅप्सेसिन तीच वेस उघडते, त्यामुळे मेंदूला कळते की तोंड भाजले. जीभ पोळली, आग झाली, असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो अलंकार वापरत नसतो! आपल्या काळ्या मिरीतले पायपरीनही याच वेशीला टोचते. मिरची आल्यावर लोकांनी तिला मिरीचेच नाव दिले. कोकणीतली मिरसांगही त्याच कुळातली. जिभेने साम्य तीन-चारशे वर्षे आधी ओळखले होते. आणि पोपट मिरची खुशाल का खातो? पक्ष्यांमधली ही वेस कॅप्सेसिनला दाद देत नाही. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले, अर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर. पॅटापुटियन यांनी स्पर्शाचा दाब ओळखणाऱ्या वेशी शोधल्या.

आता पुन्हा निपाणी. सीमाभागाच्या इतिहासात हे नाव १९५६ मुळे येते, तसेच १९८१ मुळेही. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडले, आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्याच सुमारास वखारींत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायकाही संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर दीपा धनराज आणि 'युगांतर' गटाने १९८२ मध्ये 'टोबॅको एम्बर्स' हा माहितीपट केला.

शेतकऱ्यांच्या आंदोलनाबद्दल आपल्याकडे लिहिले-बोलले जाते, वखारीतल्या बायकांबद्दल त्यामानाने कमी. मला तर त्यांचाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. निकोटीन आत जायला विडीची गरज नसते. ते कातडीतूनही शिरते. ओल्या पानांत काम करणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या, डोकेदुखी होते आणि ती तंबाखूची विषबाधाच असते, हे आज वैद्यकाला नीट ठाऊक आहे. वखारीत धूळ नाकातोंडातून फुफ्फुसात जाते ती वेगळीच. अशा वेळी 'होईल सवय' असे सांगितले जाते. सवय होते हे खरेच. मिरच्यांची देठे खुडणाऱ्या हातांची आग काही काळाने कमी होते, कारण सतत उघडी राहिलेली वेस मिटून बधिर होते. दुखण्यावर लावायचे मिरचीचे मलम याच गुणावर चालते. पण वेस बधिर झाली म्हणून धूळ थांबत नाही. ती आत येतच राहते, फक्त वर्दी द्यायला कोणी उरत नाही.