समुद्री बर्फ आणि ध्रुवीय प्लवक

समुद्राचे पाणी गोठून पृष्ठभागावर तयार होणाऱ्या तरंगत्या थरास समुद्री बर्फ म्हणतात. आर्क्टिक महासागरात आणि अंटार्क्टिका खंडाभोवतीच्या दक्षिण महासागरात हा थर हिवाळ्यात पसरतो व उन्हाळ्यात आकसतो. त्याखालील व त्याच्या कडेच्या पाण्यातील वनस्पती प्लवकांची वाढ या चक्राशी बांधलेली आहे. तापमानवाढीमुळे समुद्री बर्फाचे क्षेत्र व जाडी घटत असल्याने प्लवकांच्या वाढीचे प्रमाण, तिचा हंगाम आणि प्लवकांच्या जाती या तिन्ही बाबी बदलत आहेत. बर्फ घटला की प्लवक वाढतात, असा सरसकट नियम मात्र सांगता येत नाही. काही भागांत वाढ तर काही भागांत घट आढळली आहे. भारतात या विषयाच्या अभ्यासाची प्रमुख केंद्रे गोव्यात आहेत.

प्लवकवाढीचे घटक

वनस्पती प्लवक हे प्रवाहाबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव असून ते प्रकाशसंश्लेषणाने स्वतःचे अन्न तयार करतात. ध्रुवीय समुद्रांत डायाटम अर्थात करंडक वनस्पती हा त्यांचा महत्त्वाचा गट आहे. प्लवकांच्या वाढीस सूर्यप्रकाश आणि नत्र, स्फुरद, लोह यांसारखी पोषकद्रव्ये लागतात. डायाटमांना कवचासाठी सिलिकाही लागते. कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या तलावात ऊन मुबलक असते आणि सांडपाण्यातून आलेल्या पोषकद्रव्यांमुळे शैवाल माजते. ध्रुवीय समुद्रात हिवाळ्यात पोषकद्रव्ये असतात, पण प्रकाश नसतो. उन्हाळ्यात प्रकाश असतो, पण वरच्या थरातील पोषकद्रव्ये लवकर संपू शकतात.

समुद्री बर्फ या दोन्ही घटकांवर परिणाम करतो. बर्फ, आणि विशेषतः त्यावरील हिम, सूर्यप्रकाश अडवतो. वसंतात बर्फ वितळला की कमी लवणतेचे हलके पाणी पृष्ठभागावर पसरते. त्यामुळे प्लवक खोल न जाता उजेडाच्या थरात राहतात आणि बर्फाच्या कडेने प्लवकांचा बहर येतो. हाच हलका थर फार घट्ट झाला, तर खालच्या पाण्यातील पोषकद्रव्ये वर येण्यास अडथळा होतो. बर्फ पूर्णपणे हटल्यास वाऱ्यामुळे पाणी ढवळले जाते. त्यातून पोषकद्रव्ये वर येऊ शकतात, तसेच प्लवक अंधाऱ्या थरात ओढलेही जाऊ शकतात. यांपैकी कोणता परिणाम प्रबळ ठरेल, हे त्या त्या समुद्रावर अवलंबून असते.

बर्फातील शैवाल

बर्फाच्या तळाशी आणि त्यातील खाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म नलिकांमध्ये शैवाल वाढते. अत्यल्प प्रकाशातही ते तग धरते आणि खुल्या पाण्यातील बहराच्या आधी उपलब्ध होते. आर्क्टिकमधील कॅलॅनस ग्लेशियालिस या कोपेपॉडाची मादी बर्फातील शैवालावर पोसून अंडी घालते व तिची पिल्ले नंतरच्या प्लवकबहरावर वाढतात. बर्फ लवकर फुटल्यास या दोन हंगामांतील अंतर बदलते आणि पिल्लांच्या वाढीची वेळ व अन्नाची वेळ जुळेनाशी होते.

आर्क्टिक महासागर

सप्टेंबर महिन्यात आर्क्टिकमधील बर्फ वर्षातील सर्वांत कमी असतो. १९८१ ते २०१० या काळात या नीचांकाची सरासरी सुमारे ६२ लाख चौ. किमी. होती, सप्टेंबर २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे ३४ लाख चौ. किमी. इतके उतरले. उपग्रहीय नोंदींवर आधारित २०२० मधील एका अभ्यासानुसार १९९८ ते २०१८ या काळात आर्क्टिकमधील वनस्पती प्लवकांचे प्राथमिक उत्पादन ५७ टक्क्यांनी वाढले. सुरुवातीची वाढ मुख्यतः खुल्या पाण्याचे क्षेत्र व हंगाम वाढल्यामुळे झाली. नंतरच्या वाढीत प्लवकांची घनता वाढल्याचे आढळले. पोषकद्रव्यांचा पुरवठा वाढल्याशिवाय अशी वाढ टिकणे कठीण असते. काही भागांत शरद ऋतूत दुसरा बहर येऊ लागला आहे.

जुलै २०११ मध्ये चुकची समुद्रात ०.८ ते १.३ मीटर जाडीच्या बर्फाखाली १०० किमी.पेक्षा अधिक अंतरापर्यंत पसरलेला दाट प्लवकबहर आढळला. पातळ बर्फ आणि त्यावरील वितळलेल्या पाण्याची डबकी यांतून पुरेसा प्रकाश खाली पोहोचत होता. कॅनडाच्या उत्तरेकडील खोल समुद्रात मात्र पृष्ठभागाचे पाणी अधिक गोडे होऊन पोषकद्रव्ये घटली आणि मोठ्या प्लवकांच्या तुलनेत अतिसूक्ष्म प्लवकांचे प्रमाण वाढले. अतिसूक्ष्म प्लवक मोठ्या कोपेपॉडांना थेट खाता येत नाहीत. त्यामुळे अन्नसाखळीत एक पायरी वाढते व वरच्या प्राण्यांपर्यंत पोहोचणारी ऊर्जा घटते.

काँग्सफ्योर्डमधील भारतीय निरीक्षणे

गोव्यातील वास्को येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन केंद्रास आता राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र म्हणतात. भारताच्या आर्क्टिक मोहिमा २००७ मध्ये सुरू झाल्या. जुलै २००८ मध्ये स्वालबार बेटांवरील न्यू-ओलेसुंद येथे ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधनस्थानक सुरू झाले. हे ठिकाण सुमारे ७९° उत्तर अक्षांशावर, काँग्सफ्योर्ड या खाडीच्या काठी आहे.

जुलै २०१४ मध्ये या खाडीत सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही नांगरलेली निरीक्षणमाळ सोडण्यात आली. तिच्यावरील उपकरणे तापमान, लवणता, प्रवाह इत्यादींची नोंद करतात. उन्हाळी मोहिमांतील नमुने थोड्या दिवसांचे असतात. अशी माळ ध्रुवीय रात्रीतही नोंदी घेत राहते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

काँग्सफ्योर्डमध्ये अटलांटिकचे उबदार पाणी शिरते. २००६ पासून खाडीतील हिवाळी बर्फ पूर्वीपेक्षा स्पष्टपणे कमी झाला आहे. वसंतबहराची वेळ वर्षागणिक बदलते आणि उबदार पाण्याच्या काही वर्षांत डायाटमांऐवजी फिओसिस्टिस या शैवालाचे प्राबल्य आढळले आहे. खाडीत उतरणाऱ्या हिमनद्यांचे गढूळ पाणीही प्रकाश अडवते. म्हणून येथील प्रत्येक बदल केवळ समुद्री बर्फाच्या नावावर टाकता येत नाही.

दक्षिण महासागर

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्री बर्फात १९७९ ते २०१४ या काळात किंचित वाढ झाली होती. २०१६ पासून त्यात मोठी घट झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचे क्षेत्र सुमारे १८ लाख चौ. किमी. या तोपर्यंतच्या नीचांकावर आले. पश्चिम अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यालगत मात्र बर्फ आधीपासूनच घटत होता. तेथील सुमारे तीन दशकांच्या नोंदींत उन्हाळी हरितद्रव्य एकूण १२ टक्क्यांनी घटल्याचे २००९ मधील एका अभ्यासात दिसले. उत्तरेकडे बर्फ हटल्यावर वाऱ्याने पाणी खोलवर ढवळले गेले, प्लवकांना मिळणारा प्रकाश कमी झाला आणि त्यांची वाढ घटली. दक्षिणेकडे पूर्वी बर्फाखाली असलेले पाणी खुले झाल्याने वाढ झाली. एकाच किनाऱ्यावर एकाच कारणाचे असे परस्परविरोधी परिणाम दिसले.

दक्षिण महासागराच्या मोठ्या भागात लोहाची टंचाई आहे. गोठताना बर्फात साठलेले लोह वितळताना पाण्यात मिसळते व बर्फाच्या कडेच्या बहरास हातभार लावते. क्रिल या कोळंबीसदृश प्राण्याची पिल्ले हिवाळ्यात बर्फाखालील शैवालावर जगतात. व्हेल, सील व पेंग्विन यांच्या अनेक जाती क्रिलवर अवलंबून असल्याने बर्फाच्या घटीचा परिणाम त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

लोहाफेक्स प्रयोग

दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ च्या जानेवारी ते मार्च या काळात ‘पोलारस्टर्न’ या नौकेवरून लोहाफेक्स हा प्रयोग केला. वजीह नक्वी व व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे प्रमुख होते. दक्षिण अटलांटिकमधील सुमारे ३०० चौ. किमी. क्षेत्रात लोहाचे संयुग मिसळण्यात आले. सागरात लोह मिसळण्यावरील आंतरराष्ट्रीय आक्षेपांमुळे जर्मन शासनाने प्रयोग काही दिवस थांबवला होता. तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर त्यास अनुमती मिळाली.

सुमारे दोन आठवड्यांत वनस्पती प्लवकांचे जैववस्तुमान दुप्पट झाले. परंतु त्या पाण्यात सिलिका अत्यल्प असल्याने डायाटम फोफावले नाहीत. वाढलेले लहान कशाभिकाधारी प्लवक कोपेपॉडांनी खाल्ले आणि खोल समुद्रात जाणाऱ्या कर्बात लक्षणीय वाढ झाली नाही. हा प्रयोग बर्फक्षेत्राबाहेर झाला असला, तरी त्याचा निष्कर्ष या विषयास लागू पडतो : एक अडसर दूर झाला की वाढीची मर्यादा दुसरा घटक ठरवतो आणि प्लवकवाढ म्हणजे कर्बाची कायमची साठवण नव्हे.

मत्स्यव्यवसाय

बेरिंग समुद्रात बर्फ लवकर हटलेल्या उबदार वर्षांत प्लवकबहर उशिरा येतो व चरबीयुक्त मोठे कोपेपॉड कमी होतात. त्यामुळे पोलॉक माशाच्या पिल्लांना हिवाळ्यासाठी पुरेशी चरबी साठवता येत नाही. मध्य आर्क्टिकमध्ये बर्फ हटून खुल्या होणाऱ्या पाण्यात अनियंत्रित मासेमारी होऊ नये, यासाठी २०१८ मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय करार जून २०२१ पासून १६ वर्षांसाठी लागू झाला आहे. तेथील परिसंस्थेचा अभ्यास होण्यापूर्वी व्यापारी मासेमारी सुरू करू नये, हे त्याचे मुख्य सूत्र आहे.

मापन व मर्यादा

समुद्राच्या रंगावरून हरितद्रव्याचा अंदाज घेणारे उपग्रह १९९७ पासून अखंड नोंदी देत आहेत. भारताच्या ओशनसॅट मालिकेतील उपग्रहही असे मापन करतात. ढग, ध्रुवीय रात्र आणि बर्फाचे आच्छादन यांच्याखालील प्लवक उपग्रहांना दिसत नाहीत. बर्फाखालील जुने बहर नोंदलेच गेले नसल्यास, बर्फ हटल्यावर दिसणारी वाढ प्रत्यक्षापेक्षा अधिक भासू शकते. त्यामुळे नौकांवरील नमुने, नांगरलेली उपकरणे व उपग्रह यांच्या नोंदी एकत्र वाचाव्या लागतात.