जलावरील दीपयात्रा

श्रीक्षेत्र गाणगापूर येथे भीमा-अमरजा संगमावर स्नानास उतरणाऱ्या दत्तभक्ताच्या मनात जलयात्रेची एक प्रतिमा आधीपासूनच वसलेली असते. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापूर सोडून श्रीशैल्यास गेले, तेथे पाताळगंगेत, म्हणजे कृष्णेच्या पात्रात, शिष्यांनी कर्दळीच्या पानांत फुले रचून आसन सिद्ध केले आणि श्रीगुरू त्यावर आरूढ होऊन प्रवाहातून दिसेनासे झाले, अशी कथा श्रीगुरुचरित्राच्या अखेरीस येते. मागाहून प्रसादाची चार पुष्पे वाहत परत आली. बहुधान्य संवत्सरातील (शके १३८०) माघ वद्य प्रतिपदेचा हा प्रसंग. गुरुप्रतिपदा म्हणून तो गाणगापुरी आजही साजरा होतो. येथे दिव्यांची आरास नाही, वाद्यांचा गजर नाही. तथापि केळीच्या पानांचा तराफा आणि त्यावर प्रत्यक्ष देव, ही कल्पना दक्षिणेतील जलोत्सवांच्या मुळाशी आहे.

त्या उत्सवाला कानडी व तमिळ मुलखांत तेप्पोत्सव म्हणतात. तेप्प म्हणजे तराफा. मदुरेचा तेप्पोत्सव यांत विशेष प्रसिद्ध. तिरुमल नायकाने १६४५ साली बांधविलेल्या विस्तीर्ण तलावात तै महिन्याच्या पौर्णिमेस मीनाक्षी-सुंदरेश्वरांचा तराफा मधल्या मंडपाभोवती फिरविला जातो आणि रात्री त्यावरील दिव्यांचे प्रतिबिंब पाण्यात पडते. परंतु हा तलाव वैगै नदीच्या कालव्यांवर अवलंबून. नदी आटली, कालवे बुजले, त्या वर्षी तराफा कोरड्या तळावर जागच्या जागी उभा ठेवून उत्सव उरकावा लागला. अशा वर्षांना तेथे ‘निलै तेप्पम्’, म्हणजे उभा तराफा, असे नावच पडले. पाण्यावाचून जलोत्सवाची ही दुःस्थिती नदीकाठच्या प्रत्येक देवस्थानाने ध्यानी ठेवावी अशी आहे.

मराठी भाषकांच्या प्रदेशात या उत्सवाचे सर्वांत ठसठशीत रूप गोमंतकात, साखळीनजीकच्या विठ्ठलापुरात पाहावयास मिळते. पंढरीच्या चंद्रभागेचे, अर्थात भीमेचेच, वाळवंट वारकऱ्यांना प्रिय. आणि विठ्ठलापूरच्या विठ्ठलमंदिराशेजारून वाहणाऱ्या नदीचे नावही वाळवंटीच. हे मंदिर सत्तरीच्या राणे घराण्याचे आराध्यस्थान होय. १८५२ साली दीपाजी राणे यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, ते याच घराण्यातील.

या उत्सवाची स्थाननिश्चिती समजण्यास गोव्याचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादीतील देवळे सोळाव्या शतकात उद्ध्वस्त झाली. देव खाडी ओलांडून अंत्रुजात व अन्यत्र गेले. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या जाहीरनाम्याने तर हिंदूंच्या साध्या गृह्याचारांवरही बंदी घातली. साखळीचा मुलूख मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या हाती स्थिरावला, त्यामुळे तेथील देवकार्याला तो आघात सोसावा लागला नाही. उघड्या नदीवर, चांदण्या रात्री, दुरून दिसेल असा दीपोत्सव जेथे निर्भयपणे करता येत होता, तेथेच तो रुजला, यात नवल नाही.

कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे त्रिपुरारी पौर्णिमेला, शंकरांनी एकाच बाणाने असुरांची सोन्याची, रुप्याची व लोखंडाची तीन नगरे दग्ध केली, असे पुराण सांगते. घरोघरी त्या दिवशी साडेसातशे पदरांची त्रिपुरवात लावतात. विठ्ठलापुरात या तिथीस पालखी नदीकाठी येते, त्रिपुरासुराच्या वधाचा प्रसंग सादर होतो, केळीच्या सोपटांवर ठेवलेल्या पणत्या सुवासिनी प्रवाहात सोडतात आणि मग कारागिरांनी तयार केलेल्या शोभिवंत नौका पाण्यावर उतरतात. बांबूच्या काड्या, पुठ्ठा, रंगीत कागद आणि अलीकडे थर्मोकोल यांतून मंदिरे, गलबते, मोरपंखी होड्या साकार होतात. आतून उजळलेली अशी एकेक नौका काळ्या पाण्यावरून संथपणे सरकू लागली की काठावरचा कोलाहल क्षणभर थांबतो. नौकांची स्पर्धा होते, परीक्षक बसतात, बक्षिसे दिली जातात. गोमंतकाच्या मुक्तीनंतर, १९६१ च्या पुढे, शासनाच्या खात्यांचाही त्यास आश्रय लाभला.

स्पर्धेमुळे धर्मकृत्याचे प्रदर्शन झाले, असा आक्षेप काही जुनी मंडळी घेतात. तो सर्वस्वी निराधार नाही. ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात आरतीचे शब्द हरवतात, आणि थर्मोकोलाचे तुकडे नदीस अर्पण करणे हे दीपदान खचित नव्हे. पण दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. गोव्यातील महाजनसंस्थांना १८८६ व १९३३ च्या नियमावल्यांनी कायद्याची चौकट दिली. महाजनांची नोंदवही ठरली, मानपान कुळांनुसार निश्चित राहिले. त्यामुळे देवस्थानांची मिळकत पुष्कळ अंशी सुरक्षित राहिली, हे खरे. परंतु नोंदवहीत ज्याचे नाव नाही त्याला गर्भगृहाजवळच्या सेवेत वाटा मिळाला नाही, हेही तितकेच खरे. नदीच्या पात्राला मात्र नोंदवही नाही. ज्याच्या हातात कला आहे त्याने नौका आणावी आणि ती पाण्यावर सोडावी. देवकार्यातील इतकी मोकळी जागा अन्यत्र क्वचितच आढळते. ती स्पर्धेने टिकविली, हे मान्य करण्यात महाजनांनी संकोच बाळगू नये.

गोव्यातच कुंभारजुव्याचा सांगोड याहून निराळा. दोन होड्या एकत्र बांधून केलेल्या जोडनावेस सांगोड म्हणतात; गणेशचतुर्थीनंतर सातव्या दिवशी गणपतीची मूर्ती तीवरून खाडीत फिरवितात आणि भोवती चित्ररथांच्या होड्या असतात. तो मुख्यतः दिवसाचा सोहळा, म्हणून येथे केवळ उल्लेख पुरे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे ओरिसात केळीच्या सोपटाच्या इवल्या नावा दिवा लावून सोडतात, आणि बहुधा त्याच पौर्णिमेच्या रात्री सयाम देशात केळीच्या खोडाच्या चकतीवर फुले व मेणबत्ती ठेवून नदीस वाहतात. साधन सर्वत्र एकच, केळ.

वाळवंटीचे पाणी हा मात्र आता वादाचा विषय झाला आहे. ही म्हादईची उपनदी. तिच्या पाण्याचे गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्यात वाटप करणारा लवादाचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ रोजी झाला. त्यात गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी नेमून दिले. तिन्ही राज्यांना तो मानवला नाही. इकडे भीमेवरही १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाल्यापासून गाणगापूरच्या संगमावरील पाणी वरच्या दारांच्या उघडझापीवर पुष्कळसे अवलंबून असते. कार्तिकात नदी भरलेली असते, म्हणून विठ्ठलापूरच्या नौका तरंगतात. माघात पुष्पासनाचे स्मरण करण्यासाठी संगमावर उतरणाऱ्यांना मात्र आधी पाणी कोठवर आले आहे ते पाहावे लागते.