सिस्टरची वही

गेल्या वर्षी ह्यांना आठ दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. रात्रपाळीची सिस्टर आली, की आधी कॉम्प्युटरकडे बघायची, मग ह्यांच्याकडे. तिसऱ्या रात्री मी फटकन बोलले, "पेशंट इकडे आहे, तिकडे नाही!" बिचारी गप्प राहिली.

घरी आल्यावर हा पराक्रम मी भाचीला तोऱ्यात सांगितला. ती स्वतः नर्स आहे. म्हणाली, "मावशी, तिनं ते भरलं नसतं, तर काकांना रात्रीचं इंजेक्शन दिलंय की नाही, हे सकाळच्या सिस्टरला कसं कळलं असतं?"

मी इतिहासाची शिक्षिका. निरुत्तर झाले, की वाचायला बसायचं, ही जुनी सवय.

सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासूनच करावी लागली. आपण मुलांना तिच्या हातातला दिवा दाखवतो, लेखणी दाखवत नाही. १८५४ मध्ये ती क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी स्कुटारीला पोचली, तेव्हा तिथे मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या नोंदी होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. माणसं कशानं मरताहेत हे कळायचं, तर आधी नोंद खरी हवी, हे तिला तिथे उमगलं. पुढे तिनं सगळ्या रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते तयार केले. १८६० मध्ये ते लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे मांडले गेले. काही रुग्णालयांनी ते वापरूनही पाहिले. पण भरायला किचकट, म्हणून मागे पडले. म्हणजे 'फॉर्म फार मोठा आहे' ही तक्रार कॉम्प्युटरच्याही शंभर वर्षं आधीची!

१९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एल कामिनो रुग्णालयात लॉकहीड या विमानं बनवणाऱ्या कंपनीची संगणक-यंत्रणा आली. तिथे डॉक्टर मंडळींनी बराच विरोध केला. नर्सेसचा मात्र डॉक्टरांचं अक्षर लावत सूचना पुन्हा पुन्हा उतरवून काढण्याचा त्रास वाचला. १९८५ मध्ये स्ट्राँग आणि ब्रॉट यांनी नर्सेसची कॉम्प्युटरविषयीची मतं मोजायला २० विधानांची प्रश्नावली केली. यानं रुग्णाला मिळणारा वेळ कमी होतो का? नोकरी जाईल का? तीच प्रश्नावली पुढे अनेक देशांत वापरली गेली. २००९ मध्ये अमेरिकेनं कायदा करून अशा नोंदींसाठी अब्जावधी डॉलर ओतले. रुग्णालयं भराभर कॉम्प्युटरवर गेली आणि नर्सेसची नवी तक्रार सुरू झाली: एका गोळीची नोंद करायला किती ठिकाणी टिचक्या मारायच्या?

हे सगळं वाचून मला एक गोष्ट पटली. नर्सेसना नोंद नको असते असं नाही. नोंदीची शिस्त तर त्यांच्याच घराण्यातली. जो तक्ता त्यांना न विचारता दुसऱ्याच कुणी आखला, तो त्यांना नको असतो. आम्हा शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. हजेरीपट आम्ही कधी ओझं मानला नाही. पण वरून आलेले, एकच माहिती चारदा मागणारे तक्ते भरताना वर्गातल्या मुलांकडे पाठ व्हायची, तेव्हा जीव तुटायचा.

त्या सिस्टरचीही ह्यांच्याकडे पाठ होत होती, आणि कदाचित तिचाही जीव तुटत असेल. मी विचारलं नाही. नुसतंच ओरडले.

पुढच्या महिन्यात ह्यांच्या तपासणीला जायचंय. ती भेटली, तर माफी मागणार आहे.